तळघरातली बेगमी

सेंट पॉल, मिनेसोटा
27 सप्टेंबर

ती. आईंना सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही ‘माझ्या मुलाला महिनोन्‌महिन्यांचं शिळं घालतेस’ म्हणालात आणि मी तोंड उघडायच्या आत तुमच्या मालिकेची वेळ झाली. म्हणून हे पत्र. पत्राला मालिका आडवी येत नाही.

आई, इथे ऑक्टोबर लागला की रात्रीत सगळं गोठतं आणि मे उजाडेपर्यंत बाहेर कोथिंबिरीची काडी रुजत नाही. जे पिकतं ते उन्हाळ्यात, सगळं एकदम. इथल्या शेतकरी बाजारात मोंग लोकांची दुकानं असतात. 1975 नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेली ही मंडळी. त्यांच्याकडे कारली, गवती चहा, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या. ते बघितलं की तुमचे चिरंजीव भाव विचारत नाहीत, थेट खोकी उचलतात. निवडायला मी.

आणि पिशवीत कोंबून तळघरातल्या फ्रीजरमध्ये गारठवलं की झालं, असं नाही हो. फरसबी उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, मटार दीड, की लगेच बर्फाच्या पाण्यात. एवढं न केलं तर भाजीतले एन्झाइम थंडीतही हळूहळू आपलं काम करत राहतात. रंग जातो, चव बिघडते. मग कोरडी करून ताटात सुटीसुटी गोठवायची आणि नंतर पिशवीत भरायची, नाहीतर सगळ्याचा एक दगड होतो. शिवाय सावकाश गोठलं की आत बर्फाचे मोठे खडे धरतात, पेशी फाटतात आणि शिजवताना भाजीचं नुसतं पाणी. काकडी असल्या लाडाला बधत नाही, रश्शातला बटाटा स्पंज होऊन बाहेर येतो. त्या दोघांना तळघरात प्रवेश नाही. टोमॅटो मात्र गुणी. अख्खा गोठवावा, लागेल तेव्हा नळाखाली धरला की साल आपणहून सुटते.

बाकी खवलेला नारळ, कढीपत्ता, कैरीच्या फोडी, पुरण, अळूवडीचे वाफवलेले उंडे, बर्फाच्या साच्यात गोठवलेली हिरवी चटणी, असा संसार आहे. लेबलांचं खातं चिरंजीवांकडे. मागच्या आठवड्यात ‘आमटी’ लिहिलेल्या डब्यातून चक्का निघाला. फोडणी तडतडत होती. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, हेही बहुधा त्यांच्या इंजिनिअरिंगला नव्हतं. काचेची बरणी रश्शाने काठोकाठ भरून ठेवली, ती तडकली. रस्सा माझा होता, बरणी तुम्ही दिलेली.

जुलैच्या वादळात वीज गेली तेव्हा तर कहर. गच्च भरलेला फ्रीजर झाकण न उघडता 48 तास थंडी धरून ठेवतो, अर्धा भरलेला 24. हे दर तासाला जाऊन ‘सगळं ठीक आहे ना’ म्हणून झाकण उघडत होते. शेवटी मी पुस्तक घेऊन झाकणावर बसले.

आता शिळ्याचं. तुमच्या माळ्यावर कुरडया, सांडगे, मिरगुंडं आहेत. दोन वर्षांचं लोणचं तर तुम्ही ‘आता कुठे मुरलंय’ म्हणून पाहुण्यांना मिरवत वाढता. तुम्ही उन्हाच्या जोरावर बेगमी करता. आमच्याकडे ऊन सुट्टीवर येतं, म्हणून आम्ही थंडीला कामाला लावलंय. उणे 18 अंशांवर जंतू वाढत नाहीत. मरतही नाहीत, म्हणून डबा आदल्या रात्री वरच्या फ्रिजमध्ये काढून ठेवते, ओट्यावर नाही. माझं शिळं तुमच्या माळ्यापेक्षा तरुण आहे, हे ती. बाबांनाही वाचून दाखवा.

नोव्हेंबरात येताना गोडा मसाला, भाजणी, मेतकूट हवं तेवढं आणा. पण गार जागा लागेल असं कृपा करून काही आणू नका. झाकण आत्ताच गुडघ्याने दाबून लावावं लागतं. आणि आल्या दिवशी मटारची उसळ वाढेन, ती आधी खायची, मग बोलायचं.

ती. बाबांना सा. न.

तुमची,
सूनबाई