दुसरी सही शेजारची

"गोडलिंब न्यायला आली असशील तर तोडून घे. मी आज भिंतीशी उभी आहे ती भांडायला," विमलकाकू म्हणाल्या.

कुणाशी, ते विचारायच्या आत भिंतीवरून एक कागद माझ्या हातात आला. देहदानाचा फॉर्म. वर काकांचा पासपोर्टवाला फोटो, खाली काकांची ठसठशीत सही. साक्षीदार दोन. पहिले ट्रॅफिक पार्कच्या बाकड्यावरचे त्यांचे मित्र. दुसरी सही मी डोळे मिटूनही ओळखली असती. आमच्या ह्यांची!

"विजेच्या बिलांच्या फायलीत सापडला. बाकड्यावरच्यांना माहीत, तुझ्या नवऱ्याला माहीत, अन् मी काय वाटेवरची?"

"काकू, शप्पथ, मलाही आत्ताच कळून राहिलं." हे खरंच होतं. घरी गेल्यावर कुणाची हजेरी घ्यायची, तेही तिथेच ठरलं.

"हे बघ," त्यांनी बोट ठेवलं. जवळच्या नातेवाइकाच्या सहीची जागा कोरी होती. "इथे माझी सही पाहिजे नं? मग मी नाही केली तर?"

माझी सगळी नोकरी हायकोर्टात गेली, त्यामुळे गल्लीतला प्रत्येक कागद फिरत फिरत माझ्याकडेच येतो. सांगितलं, की आपल्याकडे 1949 चा शरीररचनाशास्त्राचा कायदा आहे, तेव्हा मुंबई प्रांताचा होता. माणसानं जिवंतपणी लिहून ठेवलं, तर त्याच्यामागे देह ज्यांच्या ताब्यात असेल त्यांना तो कॉलेजला देता येतो. देता येतो, द्यायलाच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. तेव्हा काकांनी कितीही सह्या केल्या तरी तुम्ही अन् मुलगा अडून बसलात, तर कॉलेजवाले काही दारात पोलीस घेऊन यायचे नाहीत. शोकात असलेल्या घरातून ओढून कोण नेतो?

काकूंचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे शेवटचा शब्द माझाच?"

"तुमचाच. म्हणूनच काकांनी तुम्हाला सांगितलं नसेल."

हे त्यांना आवडलं नाही. पण घराघरांत अशी भांडणं होतात खरी. केरळात एम. एम. लॉरेन्स म्हणून डाव्या पक्षाचे जुने पुढारी 2024 मध्ये गेले. मुलगा म्हणे, बाबांनी देहदानाची इच्छा बोलून दाखवली होती. मुलगी म्हणे, मुळीच नाही, त्यांना ख्रिस्ती रीतीनं पुरा. देह शवागारात अन् भावंडं हायकोर्टात! प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. देह शेवटी कॉलेजलाच मिळाला, पण लेकीचं मन त्यानं थोडंच वळलं असेल?

"ते कम्युनिस्ट," काकू म्हणाल्या. "त्यांना काय, क्रियाकर्म नकोच असतं."

"अन् नानाजी देशमुख?"

काकू गप्प. त्यांच्या माहेरी नानाजींचं नाव आदरानं निघतं. हिंगोलीकडच्या कडोळीचा माणूस, सगळा जन्म संघात गेला. त्यांनी 1997 मध्येच दिल्लीच्या दधीचि देहदान समितीकडे लिहून दिलं होतं. 2010 च्या फेब्रुवारीत चित्रकूटला गेले आणि देह दिल्लीला एम्समध्ये गेला. त्याच्या महिनाभर आधी कोलकात्यात कम्युनिस्ट ज्योती बसूंचा देहही असाच हॉस्पिटलला दिला होता. राजकारणात दोन टोकांची माणसं, पण फॉर्म दोघांनी एकच भरला.

"आणि देशात देहदान करणारे पहिले म्हणून नाव घेतात ते पांडुरंग श्रीधर आपटे. 1956, पुणं, बी. जे. मेडिकल."

"पुण्याचे का? मग पहिलेच असणार," काकू म्हणाल्या. नागपुरात हे वाक्य ज्या सुरात म्हणतात, त्याच सुरात.

"अस्थी तरी देतात का नंतर? रामटेकला अंबाळ्यात काय सोडायचं?"

"आपल्याकडे बहुतेक ठिकाणी देत नाहीत, काकू. तेही आधीच विचारून घ्यायचं."

"अन् ती पोरं तिथे खिदळत असतील, फोटो काढत असतील. माझ्या नवऱ्याचे!"

इथे मला भाचीचा आधार होता. ती आपल्या मेडिकलला पहिल्या वर्षाला आहे. पहिल्याच दिवशी त्यांना उभं करून शपथ दिली, की या देहाचा मान राखू. फोटोला सक्त बंदी. सुरुवातीला फॉर्मॅलीननं डोळे इतके झोंबायचे, की सगळी बॅच रडतेय असं वाटायचं. घरी आल्यावर दोनदा डोकं धुतलं तरी वेणीला वास यायचाच. त्यांच्या टेबलावर एक बाई होती. कातडी रापून चामड्यासारखी झालेली, पण डाव्या हातावरचं गोंदण स्पष्ट होतं: तुळशीवृंदावन, अन् खाली बारीक अक्षरात नाव, बहुतेक नवऱ्याचं. पोरींनी आपसात तिला मावशी म्हणायला सुरुवात केली.

"तिनं भरला होता फॉर्म?"

"नाही. बेवारस होती."

"हातावर नवऱ्याचं नाव अन् बेवारस?"

"नाव वाचायला कोणी आलं नाही तर बेवारसच."

तो 1949 चा कायदा मुळात अशांसाठीच झाला होता. दवाखान्यात, तुरुंगात, रस्त्यावर मेलेल्या, कोणी न्यायला न आलेल्या माणसांचे देह कॉलेजांना मिळावेत म्हणून. डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या अशाच देहांवर शिकल्या. त्यात कोणी वाईट केलं असं मी म्हणत नाही. शिकल्याशिवाय सुरी हातात घेतलेला डॉक्टर आपल्याला तरी चालेल का? पण काकांच्या देहासाठी फोटो, दोन साक्षीदार, बायकोची सही, अन् तरीही बायको आडवी येऊ शकते. मावशीसाठी आडवं यायलाच कोणी नव्हतं. हे भाचीनं सांगितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. काकांसारख्यांनी फॉर्म भरले तर मावशीसारख्यांवरचा भार तेवढा कमी होईल, असं माझं आपलं गणित.

काकू काही वेळ गोडलिंबाची पानं उगाचच खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पण विकत नाहीत नं पुढे? ते अमेरिकेत झालं होतं बघ."

झालं होतं. हार्वर्डच्या शवागाराचा व्यवस्थापकच दानात आलेल्या देहांचे तुकडे विकल्याच्या आरोपाखाली 2023 मध्ये पकडला गेला. एवढं मोठं नाव, तर आपलं काय, हा प्रश्न रास्तच आहे. म्हणून फॉर्म देताना विचारायचं: देह इथेच राहणार की दुसरीकडे पाठवणार, किती दिवस ठेवणार, पुढे काय करणार. काकांनी हे विचारलं असेल असं मला वाटत नाही. ते फक्त सही करून आले.

"आणखी एक," मी म्हटलं, "पोस्टमॉर्टेम झालं तर सहसा घेत नाहीत. डॉ. दाभोलकरांचं तसंच झालं. देहदानाची त्यांची इच्छा होती, पण 2013 मध्ये खून झाला, पोस्टमॉर्टेम करावंच लागलं. शेवटी साताऱ्याला अग्नी दिला, त्यांच्या लेकीनं, मुक्तानं."

"अपघाताचंही पोस्टमॉर्टेम होतं नं? म्हणजे यांनी आता स्कूटर सोडली पाहिजे," काकू ताबडतोब म्हणाल्या. "चार वर्षं सांगून राहिले. आता बरं कारण सापडलं!"

"मग सही करता?"

"विचार करीन. आधी अमेरिकेत पोराला फोन लावते. त्याला इथं पोचायला दीड दिवस लागतो, तोवर कॉलेज थांबतं का, हे त्याच्यासमोर बोलून ठेवलेलं बरं. नाहीतर ऐन वेळी तो म्हणेल, आईनं बाबांना देऊन टाकलं." पुन्हा कागद पाहत म्हणाल्या, "पण यांना कळू देऊ नको, मला सापडला म्हणून."

"काकू, उलट साऱ्यांना कळू द्या. जितक्या जणांना माहीत, तितकं पुढे कोणी म्हणायला नको की असं काही ठरलंच नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग असं कर. संध्याकाळी गोकुळपेठेत भाजी आणायला जाशील, तेव्हा कोपऱ्यावरच्या देशपांडीणबाईंना सांग. अन् वरून म्हण, की कुणाला सांगू नका."