बाओडिंगचं काय काय गेलं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणी चीनला निघालं की एकच प्रश्न येतो: मशीन कुठलं आणणार? मी म्हटलं, मशीन नाही, टॉवेल बघायला चाललोय. शेजारच्या कारखानदाराने चहाचा कप खाली ठेवला. "टॉवेल बघायला चीनला? उद्या शेंगाची चटणी चाखायला लंडनला जाशील बे!"

त्याचंही बरोबरच. आमच्या गल्लीत यंत्रमागाचा खडखडाट इतका की तो थांबला तरच माणूस दचकतो. पण चीनच्या हबेई प्रांतात गाओयांग नावाचा तालुका आहे आणि तिथेही पिढ्यान्‌पिढ्या टॉवेलच विणतात. शत्रूचं घर एकदा आतून बघावं, एवढाच हेतू. गाओयांग येतं बाओडिंग जिल्ह्यात, म्हणून मुक्काम बाओडिंगला. बीजिंगहून दीडशे किलोमीटर. आपली हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला जाताना कुर्डुवाडीला पोचेपर्यंत तिथली बुलेट ट्रेन बाओडिंगला पोचून रिकामी होते.

दुभाषी म्हणून एक विद्यार्थिनी मिळाली. अस्सल बाओडिंगकर. इंग्रजी चोख, चेहरा गंभीर. स्टेशनातून बाहेर पडताच तिने सांगितलं, "ही प्रांताची राजधानी होती." पुढच्या सगळ्या प्रवासात तिची क्रियापदं अशी भूतकाळातच राहिली.

आधी तिने मला जुन्या सुभेदारांच्या कचेरीत नेलं. छिंग राजवटीत बीजिंगभोवतीच्या प्रांताला झिली म्हणत आणि त्याचा सुभेदार म्हणजे साम्राज्यातल्या सगळ्या सुभेदारांत वरचा. त्याची कचेरी 18व्या शतकापासून इथे. त्या काळच्या इतक्या मोठ्या कचेऱ्यांपैकी इतकी धडधाकट राहिलेली दुसरी क्वचितच सापडेल. एकामागे एक चौक, लाल खांब, न्यायदानाची खुर्ची. झंग ग्वोफान, ली होंगझांग, युआन शिकाय अशी सगळी बडी मंडळी इथे बसून गेली. मी ली होंगझांगच्या नावापाशी थांबलो, तर ती म्हणाली, "ते फारसे इथे नसायचेच. 1870 नंतर बराच काळ तिआंजिन बंदरात. हिवाळ्यात बंदर गोठलं की मग इकडे यायचे." मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. मुख्यालयी न राहणारा अधिकारी! आपल्याकडे त्यावर परिपत्रकं निघतात, तिथे त्याचं संग्रहालय केलंय.

मग राजधानी गेली कशी, ते तिने समोरच्या कमळतळ्याच्या बागेत सांगितलं. ही बाग मूळची 13व्या शतकातली. पाणी संथ, कमळं टवटवीत, आणि सांगणारीचा स्वर तलाठ्यापुढे सातबारा घेऊन उभ्या राहिलेल्या भावकीतल्या माणसाचा. 1958 साली राजधानी तिआंजिनला नेली. 1966 साली परत आणली. लोकांनी हुश्श केलं, तोवर 1968 साली शिजियाझुआंगला नेली आणि ती तिथेच राहिली. शिजियाझुआंग म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे येईपर्यंत एक खेडं. "खेडं," ती पुन्हा म्हणाली. ज्या गावाला नुसतं जंक्शन झालं म्हणून भाव आला, त्याच्याबद्दलची ही चीड मला ओळखीची होती. कुठल्या गावामुळे ते लिहीत नाही. त्या गावात माझे नातेवाईक आहेत.

राजधानी गेली त्याच 1968 साली शहराजवळच्या मानछंगच्या डोंगरात, सैनिक सुरुंग लावत असताना, दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी सापडली. राजपुत्र ल्यू शेंग आणि त्याची बायको दोउ वान. दोघांच्याही अंगावर जेडच्या चकत्यांचा पोशाख. राजपुत्राच्या पोशाखात 2498 चकत्या, त्याही सोन्याच्या तारेने शिवलेल्या, आणि तार भरली किलोभराहून जास्त. माझं विणकरी डोकं लगेच त्याचं जीएसएम काढायला लागलं. घाम न टिपणारं, न आटणारं, रंग न जाणारं कापड. तक्रार घेऊन यायला गिऱ्हाईकही शिल्लक नाही. यापेक्षा उत्तम माल कोणता? त्याच थडग्यांत काशाचा, सोन्याचा मुलामा दिलेला एक दिवा मिळाला. गुडघ्यावर बसलेली दासी दिवा धरून आहे आणि धूर तिच्या बाहीतून आत जातो, म्हणजे खोलीत काजळी नाही. आमच्या एमआयडीसीतल्या काही चिमण्यांनी ही बाई जाऊन बघावी. मी म्हटलं, "चल, बघू या."

"तो दिवा आता शिजियाझुआंगच्या संग्रहालयात आहे."

जेवायला तिने गावची शान खाऊ घालायचं ठरवलं. गरम खुसखुशीत रोट चिरून त्यात गाढवाचं मांस. गाढवापुढे गीता वाचण्याची म्हण लहानपणापासून पाठ होती. इथे गाढवच पुढे आलं आणि गीतेतलं काही आठवेना. मी नुसता रोट मागून घेतला, पिशवीतली शेंगाची चटणी काढली आणि त्यात भरली. तिने घासभर चाखली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा मागितली. बाजारातून मी तळहातावर फिरवायचे लोखंडी गोळे घेतले, तीही इथली खासियत. म्हातारी माणसं दोन गोळे एका हातात फिरवत गप्पा मारतात, रक्ताभिसरण सुधारतं म्हणे. घरी आणल्यावर आमच्या जॉबरने ते निरखून पाहिले आणि विचारलं, "शेठ, हे कुठल्या मशीनचे छर्रे?"

आता सोलापूरकर बाओडिंगला जाऊन डॉ. द्वारकानाथ कोटणीसांना न भेटता परतला तर भैय्या चौकातून त्याला मान वर करून जाता येणार नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेला, थायहांग डोंगरांच्या पायथ्याशी, थांग तालुका आहे. 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांत आपले कोटणीस होते. 1941 साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि 9 डिसेंबर 1942 ला, वयाच्या 32व्या वर्षी, याच तालुक्यात गेले. शांतारामबापूंच्या सिनेमात हे सगळं पाहिलेलं. पण ते डोंगर पाहिल्यावर पहिला विचार आला तो थंडीचा. चव्वेचाळीस डिग्रीत वाढलेल्या माणसाने इथे डिसेंबर कसा काढला असेल! तालुक्यात, रुग्णालयाला ज्यांचं नाव होतं ते डॉ. बेथ्यून आणि कोटणीस, दोघांचं मिळून स्मारक आहे. फोटोतला चेहरा इतका सोलापुरी, की 'कधी आलात' असं विचारावंसं वाटलं.

"आणि समाधी?" मी विचारलं.

ती गप्प राहिली.

"शिजियाझुआंग?"

"हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत," ती म्हणाली. "आधी इथेच होती."

मी म्हटलं, मुळात ते आमचे. ती म्हणाली, मग तुमचंही गेलंच की. परतीच्या वाटेवर तिने आणखी एक सांगितलं: 2017 साली शिओंगआन नावाचं नवं शहर वसवायला घेतलं, त्यात बाओडिंगचे तीन तालुके गेले आणि बाययांगद्येन हे मोठं सरोवरही गेलं. आलं काय, तर हबेई विद्यापीठ, 1970 साली, तिआंजिनहून. ती तिथेच शिकते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नव्हती.

गाओयांगच्या टॉवेलबाजाराचं वर्णन करणार नाही, धंद्याची गुपितं आहेत. एवढंच सांगतो की माल चांगला होता आणि त्याचा मला राग आला. एका दुकानात म्हाताऱ्या मालकाने माझ्याकडे बघून बोटाने टॉवेलचा पोत चाचपावा तसं मला चाचपलं आणि म्हणाला, "इंडिया? पानिपत?"

मराठी माणसाचं पानिपत दोनदा झालं. एकदा 1761 साली आणि एकदा चादरीत. आमची चादर, आमचं नाव, जीआय टॅगसुद्धा आमचा, आणि बाजारात 'सोलापुरी' म्हणून विकला जातो तो पानिपतचा माल. हे त्या म्हाताऱ्याला समजावायचं कसं? नकाशा काढू? मग सुचलं. दुभाषीला म्हटलं, त्यांना एवढंच सांग: पानिपत म्हणजे आमचं शिजियाझुआंग.

ती पहिल्यांदाच हसली. तिने सांगितलं. म्हातारा 'आऽऽ' करून उठला, स्टूल पुढे सरकवलं, कपात चहा ओतला, आतून बायकोला बोलावून तिलाही ते ऐकवलं. मग बराच वेळ दोघंही माझ्याकडे सहानुभूतीने बघत होते. भाव मात्र डझनामागे एक युआनही कमी केला नाही.