फायनल-१७

आमचा एक संगीतकार मित्र चार वर्षं एकच गाणं ‘काढतोय’. गाणं सव्वातीन मिनिटांचं. फाइलचं नाव ‘फायनल-१७’. गेल्या गणपतीत ‘फायनल-९’ होतं, तेव्हा प्रगती आहे म्हणायची. सध्या दुसऱ्या कडव्यातला एक श्वास त्याला खुपतो. काढला तर गाणं यंत्रासारखं वाटतं, ठेवला तर दमेकऱ्यासारखं.

पूर्वी असं नव्हतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायली. तीनेक मिनिटांत राग आटपायचा, चूक पुसायची सोय नाही, शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं की तबकडी तयार. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम तर घरी चार ट्रॅकच्या कॅसेटवर केलेला कच्चा खर्डाच. बँडबरोबर पुन्हा करून पाहिला, पण कच्चाच बरा निघाला.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, “त्यांचं सोपं होतं रे! त्यांच्याकडे प्लग-इन कुठे होते?”

मग दोन मिक्स ऐकवून त्यानं फरक विचारला. मी दुसऱ्याला ‘अधिक खुला’ म्हणालो. त्यानं चुकून एकच फाइल दोनदा लावली होती. तेव्हापासून त्याचा माझ्या कानांवर भरवसा नाही. काल निरोप आला: नवा माइक घेतलाय, पहिल्यापासून गातोय.