शेपटीवरच्या इनसाहेबांस

रा. रा. इनसाहेब,
मुक्काम पोस्ट : इंग्रजी वाक्याची शेपटी.

इकडे नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासांत पोरं आपल्यापायी रडकुंडीला आली आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

'मी राहते ते घर पंचवटीत आहे.' यात कुणाचं काही अडलं का? माणूस घरात राहतो, छपरावर नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. अगदी ठासून सांगायचं तर 'ज्या घरात' म्हणावं. तिथेही आमचा 'त' घराला चिकटून मुकाट बसतो. हेच वाक्य पोरगी सरळ मनाने इंग्रजीत नेते, 'द हाउस आय लिव्ह इज इन पंचवटी', की पडली लाल शाई. का, तर आपण राहिलात! शुद्ध वाक्य म्हणे, 'द हाउस आय लिव्ह इन इज इन पंचवटी'. इन इज इन! हुशार पोरं ती छपाईची चूक समजून एक इन खोडतात आणि हातचा गुण घालवतात.

बरं, बसायची जागा तरी एक ठेवा. 'व्हिच' असला की कधी त्याच्या पुढ्यात, कधी शेवटी, जशी लहर. 'दॅट' असला की मात्र पुढ्यात बसणं इभ्रतीला बाधतं, तिथे शेपटीच हवी. मग भेदरलेली पोरं दोन्हीकडे आपली स्थापना करतात, 'इन व्हिच आय लिव्ह इन', आणि पुन्हा लाल शाई. आपले बंधू ऑन तर चक्क रजेवर जातात : 'द डे आय केम' बिनदिक्कत चालतं. दिवसाला सूट, घराला दंड! टू आणि फॉर यांना असली सूट नको असते. सीबीएस बसस्थानकावर ताटकळलेला पोरगा 'द बस आय वेटेड' लिहून मोकळा झाला, की फॉर रुसलाच.

विलायतेतही आपल्यावर कमी खटले झाले नाहीत. 1672 मध्ये कवी ड्रायडनने दिवंगत नाटककार बेन जॉन्सनला आपल्यासारख्यांना शेपटीवर बसवण्याच्या सवयीवरून नावं ठेवली. 1762 मध्ये व्याकरणकार रॉबर्ट लाउथ यांनी आपल्याला बोलण्यात आणि घरगुती शैलीच्या लेखनात परवानगी दिली, गंभीर लेखनात मात्र पुढेच बसा म्हणाले; आणि हे सांगताना त्यांनी स्वतःच आपल्या भावाला, टूला, शेपटीवर बसवलं! 1926 मध्ये कोशकार फाउलर यांनी शेपटीवरची ही बंदीच अंधश्रद्धा ठरवली. तिकडे आपण निर्दोष सुटलात. नाशकात मात्र शिक्षा पोरं भोगताहेत.

2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं आपला सहवास. तेवढ्यात आपली खोड कळायला हवी होती, पण ती सांगतो कोण? मास्तरांनी 'नियम पाठ करा' म्हटलं की तास संपतो.

म्हणून जाता जाता त्यांनाही एक विनंती : मास्तरांनो, लाल शाई ओतण्याआधी वाक्य मोडून दाखवा. 'आय लिव्ह इन द हाउस.' दिवसासारखी सूट सोडली तर सुट्या वाक्यात क्रियापदाला जो सोबती लागतो, तोच जोडलेल्या वाक्यातही लागतो. घर उठून पुढे गेलं, इन जागच्या जागी राहिला, एवढाच काय तो मामला. तो फळ्यावर मांडायला पाच मिनिटं पुरतात. तेवढी द्या.

आपला,
इंग्रजीचा एक शिकवणीवाला, नाशिक