खोकल्याला मनाई, हुंकाराला नाही

रात्री उशिरा जॅझवादक कीथ जॅरेटचा पियानो लावून बसलं की घरातलं कोणी तरी हमखास डोकावून विचारतं, ‘कोण कण्हतंय?’ पियानो तर सुरेख वाजत असतो. पण त्याच्या आडून कोणी हुंकार भरतं, मध्येच चीत्कारतं, मध्येच नाकातल्या नाकात गुणगुणतं. तो जॅरेटच. वाजवताना स्टुलावरून अर्धवट उठायचं, कमरेत वाकायचं आणि बोटांसोबत गळ्यानं धावायचं, ही त्याची जन्माची खोड. समीक्षकांनी नाकं मुरडली, पण उपाय काय? बोटं आणि गळा एकाच मायक्रोफोनच्या पदरात पडायचे.

आणि ह्याच गृहस्थाला श्रोत्यांचा खोकला मात्र खपत नसे! थंडीच्या दिवसांत त्याच्या मैफलीला आलेल्यांना खोकल्याच्या गोळ्या मिळत. कधी तर तो वाजवणं थांबवून अख्ख्या सभागृहाला एकदाच काय ते खोकून घ्यायला लावी. पंगतीत श्लोक म्हणावा तसे सगळे एका सुरात खोकत. आपल्याकडे समेवर कोणी ‘क्या बात है’ म्हटलं नाही तर गवयाचा चेहरा पडतो. जॅरेटला शांतता हवी असे, निदान दुसऱ्यांची.

24 जानेवारी 1975 च्या रात्री कोलोनच्या ऑपेरागृहात त्याच्यापुढे भलताच पियानो येऊन उभा राहिला. सरावाचा, लहान, वरचे सूर पत्र्यासारखे, खर्जात जीव नाही, पेडल धड नाही. तो वाजवणारच नव्हता. कार्यक्रम ठरवणाऱ्या व्हेरा ब्रँडेस नावाच्या कोवळ्या मुलीनं गळ घातली म्हणून बसला, तोही ऑपेरा उरकल्यावर, साडेअकराच्या सुमाराला. पियानोची कुवत ओळखून तो मधल्या पट्टीत रमला आणि डाव्या हातानं तेच ते आवर्तन घोळवत राहिला, जणू तानपुऱ्याची जबाबदारी त्या हातावर होती. त्या रात्रीच्या ‘द कोलोन कॉन्सर्ट’ या रेकॉर्डच्या लाखो प्रती खपल्या. स्वतः जॅरेटला मात्र तिचं एवढं कौतुक कधी रुचलं नाही.

त्या हुंकारांचं मला एक कारण दिसतं. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि स्वर त्याच क्षणी विरायला लागतो. तो विरू न देता लांबवता येत नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरता येत नाही. हे दुःख आपल्याकडे पेटीवाल्यांनाच ठाऊक. स्वर धरून ठेवायला त्यांच्यापाशी निदान भाता असतो, पण मींड त्यांच्याही नशिबी नाही. जॅरेटला ती मींड हवीच असावी. पियानो देईना, तेव्हा त्यानं ती गळ्यातून काढली. बेसूर निघाली, ते वेगळं.

2018 मध्ये त्याला पक्षाघाताचे दोन झटके आले आणि डावा हात गेला; कोलोनच्या रात्री ज्यानं सगळा भार वाहिला, तोच. पुढे 2023 मध्ये घरी मुलाखत द्यायला बसला, तेव्हा एकट्या उजव्या हातानं तो थोडं वाजवून गेला. आता जुन्या रेकॉर्डवर तो गळा काढायला लागला की मी आवाज कमी करत नाही. घरच्यांना सांगतो, झोपा, कोणी आजारी नाही.