रोम आलं, पुणं यायचंय

नेवाशात पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी १९५४ पासून प्रवराकाठी खणलं, तेव्हा दगडी हत्यारांपासून रोमन मद्यकुंभांच्या तुकड्यांपर्यंत बरंच काही निघालं. म्हणजे रोमचा माल इथवर पोचला होता. पुण्याचा पर्यटक मात्र अजून घोडेगावलाच शिंगणापूरकडे वळतो. तालुका एकच, पण बिनदाराच्या घरांची मजा जास्त!

चुकून कोणी आलाच, तर ‘हेरिटेज वॉक’ म्हणत गाडी थेट पैस खांबाजवळ. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात. पाहुणाही टेकायला बघतो, फोटोपुरता. मोहिनीराजाच्या देवळात उभ्या उभ्या नमस्कार, की पसार. गावाच्या पदरात काय? दोन कटिंग. त्यातला एक बिनसाखरेचा.