भावी थॉट लीडर, मुक्काम पोस्ट खारदांडा

अहो, ऐकलंत का? आमच्या इमारतीतले दुसऱ्या मजल्यावरचे काका 'थॉट लीडर' झाले. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पेन्शन वेळेवर येते, साखर थोडी वाढलेली. घरात काकूंसमोर 'आज वरण नको' एवढा विचार मांडायची ज्यांची छाती होत नाही, ते आता जगाला विचार देणार. लिंक्डइनवर तसं लिहिलंय म्हणे. म्हणे कशाला, मी स्वतः पाहिलं. कार्टर रोडच्या कठड्याला टेकलेत, अंगात काळा कोट, हाताची घडी, नजर दूर समुद्रात. तेही मे महिन्यात! कोट मुलाच्या लग्नातला. मी ओळखला, कारण त्यावर श्रीखंड सांडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते.

एकटे काका असते तर उन्हाचा त्रास म्हणून सोडून दिलं असतं. पण ही साथ आहे हो. तिसऱ्या मजल्यावरची योगा शिकवणारी मुलगी 'वेलनेस इव्हँजेलिस्ट' झाली. समोरच्या विंगमधला बारावीचा पोरगा 'फाउंडर' झाला. कशाचा, ते अजून ठरायचंय. आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्या मुलाने मलाही सोडलं नाही. मी म्हटलं, लिही 'गृहिणी'. तर म्हणतो, आई, तसं कोणी लिहीत नाही. त्याने लिहिलं 'होम ऑपरेशन्स लीडर, पंचवीस वर्षांचा अनुभव'. चार दिवसांत एका विमा एजंटाची आणि दोन लाइफ कोचांची रिक्वेस्ट आली. भांडी घासायला बाई हवी होती, तिची काही आली नाही.

या हाताच्या घडीचं मला राहून राहून नवल वाटतं. ती आपण कुठे पाहिली आहे, सांगा बघू? नाक्यावर! 'भावी नगरसेवक', 'युवा नेतृत्व', 'आपल्या हक्काचा माणूस' लिहिलेल्या फ्लेक्सवर. मधोमध भाऊ, गॉगल, सोन्याची साखळी, हाताची घडी. खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट फोटोंच्या तीन रांगा. लोक लिंक्डइनवर पाचशेच्या पुढे कनेक्शन झाली की आकडा मिरवतात, त्याचं मला काही विशेष वाटत नाही. आपल्याकडे शुभेच्छुकांची रांग केव्हापासून आहे. बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने पालिकांना कितीदा खडसावलं, पण भाऊंचा वाढदिवस काही टळत नाही. आता काकांनी फ्लेक्सचे पैसे वाचवले आणि पोझ तेवढी भाऊंची घेतली, एवढाच काय तो फरक.

बरं, हे खूळ आलं कुठून? अमेरिकेतून, दुसरं कुठून येणार. तिथले व्यवस्थापनाचे गुरू टॉम पीटर्स यांनी ऑगस्ट १९९७मध्ये 'फास्ट कंपनी' नावाच्या मासिकात एक लेख लिहिला, 'द ब्रँड कॉल्ड यू'. साबणाला ब्रँड असतो, बुटाला असतो, मग तुम्हाला का नको? तुम्ही म्हणजे एक कंपनी, आणि तिचे साहेबही तुम्हीच. वाचायला गोड वाटतं. पण त्याआधीच्या काही वर्षांत तिकडच्या मोठमोठ्या कंपन्यांनी माणसांना धडाधड घरी बसवलं होतं, ते लक्षात घ्या. नोकरीचा भरवसा उरला नाही, म्हणून माणसाला स्वतःचंच दुकान मांडायला सांगितलं. आमच्या काकांच्या पिढीला असल्या ब्रँडची गरज काय होती? १९६९ साली बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यानंतर 'मुलगा बँकेत आहे' या तीन शब्दांवर लग्नं ठरत होती. काकूंनी फोटोसुद्धा नीट बघितला नव्हता.

मग २००३ साली लिंक्डइन आलं आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६.२ अब्ज डॉलरला घेतलं. म्हणजे बघा, आपण एकमेकांना 'काँग्रॅट्स' म्हणायचं, आणि त्याचे एवढे पैसे! ऑगस्ट २०२२मध्ये तर तिकडच्या एका कंपनीच्या सीईओने दोन माणसांना कामावरून काढलं आणि स्वतःचा रडतानाचा फोटो काढून लिंक्डइनवर टाकला. नोकरी त्या दोघांची गेली, आणि सांत्वन कोणाचं करायचं, तर यांचं. आपल्याकडचे लोक रडत नाहीत, ते शिकतात. 'आज रिक्षावाल्याने मला नेतृत्वाचे तीन धडे दिले.' मला त्याच रिक्षावाल्याने वांद्रे स्टेशनला यायला नकार दिला, तेवढा एकच धडा मिळाला. प्रत्येक पोस्टमध्ये आयुष्य बदलतं. गेल्या दहा हजार वर्षांत असं घडलं नाही, असं म्हणायची आचार्य अत्र्यांची ख्याती होती. पण अत्र्यांनी निदान 'श्यामची आई'ला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवलं होतं हो. इथे एक सर्टिफिकेट कोर्स केला तरी दहा हजार वर्षं खर्ची पडतात.

मुख्य गोष्ट पुढेच आहे, जरा जवळ या. नुसता फोटो पुरत नाही, 'परपज' लागतो. हेतू. तुम्ही सकाळी का उठता? (लघवीला, असं काकांनी लिहिलं असतं तर मी लाइक केलं असतं.) त्यासाठी ते इकिगाईचं पुस्तक घराघरांत पोचलंय. आमच्या काकांकडेही मराठीतलं आहे. त्या नावाने एक चित्र फिरतं, एकमेकांत अडकलेली चार वर्तुळं. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला काय हवंय आणि पैसे कशाचे मिळतात. मधोमध तुमचा इकिगाई, म्हणजे जगण्याचं कारण. जपानचं प्राचीन ज्ञान म्हणून लोक भक्तिभावाने ते फॉरवर्ड करतात. आता ऐका. ते चित्र जपानी नाहीच! आंद्रेस झुझुनागा नावाच्या स्पेनमधल्या एका ज्योतिष्याने काढलेलं ते 'परपज'चं चित्र. २०१४ साली मार्क विन नावाच्या इंग्रज गृहस्थाने मधला 'परपज' हा शब्द पुसला, तिथे 'इकिगाई' लिहिलं, आणि चित्र जगभर गेलं. म्हणजे सगळी कॉर्पोरेट मंडळी आयुष्याचा हेतू शोधायला ज्योतिष्याकडेच गेली. आमची आजी हेच करायची, तर तिला अडाणी म्हणायचो.

तर हे हेतूचं भूत घेऊन माझा मुलगा गेल्या रविवारी माझ्याबरोबर मासळी बाजारात आला. दांड्याच्या बाजारात आमची एक ठरलेली मावशी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्याकडूनच घेते. कपाळाला मोठं कुंकू, अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीशी कोयता आणि पुढे पाटी. मुलगा उकिडवा बसला आणि म्हणाला, "मावशी, तुमची गोष्ट लिहायची आहे. तुमचा व्हाय काय आहे?"

"वाम?" मावशीने बाजूची टोपली ओढली. "हाय ना वाम. घेतोस?"

मी हसू दाबलं. मुलगा हटेना. म्हणाला, तसं नाही, तुम्ही हे काम का करता? मावशीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती कालच्या पापलेटकडे बघते. "मंग कोन करंल? तू?" मग त्याने फोन काढला. मावशी, एक फोटो. जरा हाताची घडी घाला.

"हात बांधून बसली तं म्हावरा कोन कापंल रं?"

आणि ती कापायला लागली. मी पापलेट उचलून कल्ला वर करून बघितला, लालभडक. कल्ल्यापाशी बोटाने दाबलं, पांढरं पाणी आलं. तांबूस आलं असतं तर परत ठेवलं असतं. सासूबाईंनी शिकवलेलं आहे. एवढ्यात मावशी माझ्या हातातल्या जोडीतला दुसरा पापलेट काढून घेत म्हणाली, "ह्यो नको नेऊस. ह्यो बर्फाचा हाय." तिने सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं. त्या एका वाक्यासाठी मी लग्नापासून तिच्याकडे जाते आणि भाव वाढवला तरी कुरकुर करत का होईना, देते.

मावशी म्हणजे काही संत नव्हे बरं का. गाडीतून उतरलेल्या माणसाला तिचा भाव वेगळा असतो, आणि मासळीला हात लावून न घेता गेलेल्या बाईला ती जे ऐकवते ते इथे छापता येणार नाही.

आता नेटवर्किंगचं. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या नोकरदारांना विचारून सांगितलं, की नोकरीची खबर जिवलग मित्रांपेक्षा अर्धवट ओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जिवलगांना तेच माहीत असतं, जे तुम्हाला आधीच माहीत आहे. पुढे लिंक्डइनवरच्या प्रयोगांतून ते पुन्हा तपासलं गेलं. पाच वर्षं, दोन कोटींहून जास्त लोकांना 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून वेगवेगळी नावं दाखवली, आणि कोणाला नोकरी लागते ते पाहिलं. सप्टेंबर २०२२मध्ये 'सायन्स'मध्ये छापूनही आलं. ज्यांच्यावर प्रयोग झाला, त्यांना पत्ता नाही! निष्कर्ष काय, तर थोड्याफार ओळखीचाच जास्त उपयोग. हे आमच्या मावशीला विचारलं असतं तर तिने वाट्यावर चार मांदेली जास्त टाकून फुकट सांगितलं असतं. तिच्या पाटीपुढे डॉक्टरची बायको उभी असते, ड्रायव्हर उभा असतो, युनियन पार्कमधल्या बंगल्याची स्वयंपाकीण उभी असते. यातलं कोणी कोणाच्या घरी जात नाही. मागच्या वर्षी एका बाईच्या मुलीचा लॅब टेक्निशियनचा कोर्स झाला होता. मावशी सुरमईचे तुकडे करता करता मागे वळून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "ताई, तुमच्या दवाखान्यात पोरगी पायजे का? हिची हाय." पंधरा दिवसांत पोरगी कामाला लागली. प्रोफाइल नाही, व्हिजिटिंग कार्ड नाही. वाट्यावर दोन बांगडे जास्त गेले असतील फार तर.

यावर काका म्हणतील, मराठी माणसाला नेटवर्किंग जमत नाही. जमतं हो. माधवराव भिडे यांनी मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब काढलाच की. त्याच्या ब्रीदवाक्यात तुकोबांचा सुपंथ काढून तिथे श्रीमंत बसवलंय. मला आधी धसका बसला, मग म्हटलं, निदान काय हवंय ते सरळ सांगतात, परपजच्या आड लपत नाहीत. आणि ब्रँडचं म्हणाल, तर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी अभिमानाने लावणारी माणसं आपण. पुण्याच्या चितळ्यांचं दुकान दुपारी १ ते ४ बंद असायचं, तर त्याचाच ब्रँड झाला. २०१७ साली त्यांनी दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली. दुकान उघडं राहिल्याची बातमी!

आता परत काकांकडे येऊ. त्या रविवारी मासे पिशवीत घेता घेता मी मावशीला काकांचा तो फोटो दाखवला. म्हटलं, बघ, आमचे थॉट लीडर. तिने ओल्या बोटाने स्क्रीन पुसली.

"ह्यो तं बँकवाला भाऊ!" ती म्हणाली. "नोटा बंद झाल्या ना, तवा आमच्या समद्या बायांचे कागद ह्यानीच भरले. जेवायला उठला नाय."

नोव्हेंबर २०१६. मावशीचा सगळा धंदा रोखीचा, घरात डब्यात ठेवलेल्या नोटा, बहुतेकींची सही म्हणजे अंगठा. आठवडाभर कोळीवाड्यातल्या बायकांची रांग काकांच्या टेबलापुढे होती म्हणे. इतकी वर्षं एकाच जिन्याने चढउतर करतोय, पण मला हे ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्यांची प्रोफाइल पुन्हा उघडली, खालपर्यंत वाचली. 'व्हिजनरी' आहे, 'चेंज एजंट' आहे, 'स्टेकहोल्डर' दोनदा आहे. त्या रांगेबद्दल एक अक्षर नाही. पोस्टला अकरा लाइक, त्यातले नऊ आमच्या सोसायटीचे. एक माझा.

हे सगळे ब्रँडवाले एक नियम सांगतात, सातत्य. पंधरा दिवस दिसला नाहीत की लोक विसरले म्हणून समजा. तर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा मावशीपुढे पाटी नसते. सुकट नि सुके बोंबील घेऊन ती घराच्या ओट्यावर बसलेली असते, आणि लोक विचारत विचारत तिथे जातात. होड्या बाहेर पडल्या की ती बाजारात तिच्या ठरल्या जागी येते. पहिल्या दिवशी सकाळी आठच्या आत गाठा. नंतर गेलात तर वाम तेवढी उरते.